आवक-जावक : बाजार हलवला, पण ठराव कुठे आहे?

या पानावर येणारी पत्रं हल्ली बदलली आहेत. पूर्वी पाण्याचा दाब, तुंबलेलं गटार, फुटपाथ असे मुंबईचेच प्रश्न असायचे. आता पाकिटावर शिक्का परळचा किंवा भांडुपचा असतो आणि आतला प्रश्न गावच्या नगरपंचायतीचा. मुलगा इथे, आई तिथे. मी स्वतः एकतीस वर्षं मुंबई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसांत काढली. आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात केली आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मुंबईचा कारभार 1888 च्या कायद्याने चालतो, नगरपरिषदांचा आणि नगरपंचायतींचा 1965 च्या. माणसं वेगळी, पदं वेगळी. तिथे आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात, महापौरांच्या जागी नगराध्यक्ष. पण कागद दोन्हीकडे एकाच वाटेने जातो, म्हणून या पत्रांना उत्तर द्यायचं धाडस करते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी लालबागला राहतो. आई, वय 74, गावी एकटी असते. आमचं गाव काही वर्षांपूर्वी नगरपंचायत झालं. आठवडी बाजार माझ्या लहानपणापासून एस.टी. स्टँडच्या मागच्या मैदानात भरायचा. आई पिशवी घेऊन चालत जायची, दहा मिनिटांत पोचायची. दिवाळीनंतर बाजार एकाएकी बायपासला नेला, घरापासून दोन किलोमीटर. रिक्षाचे जाऊन-येऊन 80 रुपये होतात. शंभराची भाजी आणायला ऐंशी रुपये रिक्षाला द्यायचे का? नगरसेवकाला फोन केला तर म्हणाला, "वरून आलंय." ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "सभेने ठरवलंय." नेमकं कुणाला धरू? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी कुणालाच धरू नका, आधी कागद धरा. "वरून आलंय" आणि "सभेने ठरवलंय" या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि दोन्ही खोट्याही असू शकतात. वरून आलं असेल तर त्या पत्राला जावक क्रमांक आणि तारीख असणार. सभेने ठरवलं असेल तर त्याला ठराव क्रमांक असणार. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव सर्वानुमते झाला की बहुमताने, कुणी विरोध नोंदवला, हे सगळं इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लिहिलेलं असतं. सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसले असतील, तर सभेचे अधिकार त्यांच्याकडे जातात आणि ठराव त्यांच्या सहीने होतो. मुंबईत 7 मार्च 2022 नंतर आपण हे तीन वर्षांहून अधिक काळ पाहिलं. तेव्हाही क्रमांक आणि तारीख सुटत नाही.

हे मी इतकं घोळवून का सांगते, त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात मी ज्या वॉर्डात होते, तिथे एका गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. रस्ता ओला राहतो, लोक घसरतात, अशी तक्रार आली आणि नळ काढायचं ठरलं. त्याची टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी साहेबापुढे ठेवायचा कागद, टंकायला माझ्याकडेच आली होती. तिच्यात रस्त्याची लांबी होती, तक्रारींची संख्या होती, खर्चाचा आकडा होता. त्या नळावर किती घरं पाणी भरतात, याची एक ओळसुद्धा नव्हती. मी कागद सरळ केले, कार्बन लावला, तीन प्रती काढल्या आणि वर पाठवल्या. पंधरा-वीस दिवसांनी एक आजी आल्या. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर सोळा बायकांची नावं, काहींच्या सह्या, काहींचे अंगठे. शाई पुसट झालेली, कारण पान पदराला बांधून आणलं होतं आणि पदर ओला होता. मी त्यावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला, रजिस्टरात ओळ भरली. पण त्याच दिवशी सकाळी माणसं जाऊन नळ तोडून आली होती. आजींना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हा शिक्का कशाला मारलास गो?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. सोळा घरांचं ते पान टिपणी टंकायच्या आठवड्यात आलं असतं, तर ते टिपणीला जोडलं गेलं असतं आणि सही करणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांसमोर पडलं असतं. निर्णय बदलला असता असं मी म्हणणार नाही. पण त्या सोळा घरांना बाजूला ठेवून तो घ्यावा लागला असता, नकळत नाही.

तुमचा ठराव होऊन गेला आहे, म्हणून तुम्हाला उलट्या दिशेने चालावं लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो मुंबईतूनही पाठवता येतो, स्पीड पोस्टाने. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय हवा आणि तो 150 शब्दांत बसवायचा असतो. शंका विचारू नका, तक्रारही करू नका, फक्त प्रती मागा : बाजार हलवण्याचा ठराव किंवा आदेश, त्या विषयाची कार्यालयीन टिपणी, सभेचं इतिवृत्त, आणि वरून आलेला पत्रव्यवहार असल्यास तो. त्यांच्याकडे 30 दिवस असतात. नाही मिळालं तर त्यानंतर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी फारसं कुणी वापरत नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्यांना त्याची कारणं सांगणं हे कार्यालयाचं स्वतःहून करायचं काम आहे. तुमच्या आईला कारण समजायचा हक्क आहे.

दुसरी बाजू विक्रेत्यांची. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायका आसपासच्या वाड्यांवरून येतात. त्यांचंही या बायपासने वाकडंच झालं असणार, कारण तिथे एस.टी. थांबत नसेल तर टोपली डोक्यावर घेऊन चालायचं कुणी? पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे आणि तो नगरपंचायतीलाही लागू आहे. त्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान 40 टक्के असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. विक्रेत्याला हलवण्याआधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पिढ्यान्पिढ्या जिथे विकणारे आणि घेणारे आपसूक जमतात, त्या जागेला या कायद्यात नैसर्गिक बाजार असं नाव आहे आणि अशा जागांना संरक्षणही आहे. म्हणून आईला एक काम सांगा. ज्या बाईकडून ती वर्षानुवर्षं भाजी घेते, तिला विचारायचं : नोटीस मिळाली होती का? समिती कुणी पाहिली आहे का? त्या उत्तरांवर तुमचा अर्ज दुप्पट वजनाचा होईल.

ठराव हातात आला आणि त्यात खरोखरच लोकहिताला बाधा दिसली, किंवा नोटिशीशिवाय काम झाल्याचं दिसलं, तर 1965 च्या कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. नगरपालिकेत वावरणारी माणसं नुसतं "तीनशे आठला जाऊ" असं म्हणतात. पण हे शेवटचं पाऊल समजा. पहिल्याच दिवशी तीनशे आठची भाषा केली की समोरची माणसं दार लावून घेतात, आणि आईला त्याच गावात राहायचं आहे.

तर आधी मागणी अशी करा, की सभेला तिला होकार देता येईल. बाजार हलवण्यामागे कारण असणारच. स्टँडवर गाड्या वळत नसतील, रुग्णवाहिका अडकली असेल. ते कारण खोटं पाडायला जाऊ नका. "निर्णय रद्द करा" असं लिहिण्यापेक्षा लिहा : "कपडे, भांडी व इतर मालाचा बाजार नव्या जागी राहण्यास हरकत नाही. भाजी, मासळी व दूधदुभत्याच्या विक्रेत्यांना सकाळी 7 ते 11 जुन्या मैदानात बसू द्यावे. जुन्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी सोबत जोडली आहे. नव्या जागी जाण्यायेण्यास 80 रुपये रिक्षाभाडे पडते." यादी खरी हवी. घरोघरी जाऊन केलेली, सह्यांची. तुम्ही पुढच्या सुट्टीत दोन दिवस जा आणि ती स्वतः करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या आणि ती पोच आईच्या ट्रंकेत ठेवा. नुसता मोबाइलवर फोटो काढून निघून येऊ नका. पुढच्या वेळी ऑफिसात जाणार आहे ती आई, आणि तिच्या हातात तो कागद असायला हवा.

प्रश्न : गावचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. गणपतीला गेलो तर दाराच्या फटीत घरपट्टीचं बिल. रक्कम जवळपास दुप्पट. शेजारी म्हणतात, नोटीस सगळ्यांना आली होती, हरकतीची मुदत गेली. आता? – एक वाचक, कांदिवली

उत्तर : ही चतुर्थ वार्षिक कर आकारणी. दर चार वर्षांनी नगरपरिषद मालमत्तांची पाहणी करून कर नव्याने ठरवते. यादी जाहीर होते, हरकतीला किमान 30 दिवस मिळतात, सुनावणी होते. तुमचं घर बंद, त्यामुळे ते 30 दिवस कुलपावरून निघून गेले.

आता तीन गोष्टी लगेच करा. पहिलं, बिल भरून टाका, भरताना पावतीवर "हरकत राखून" असं लिहून द्या. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला 24. तुमचं म्हणणं कितीही बरोबर असलं तरी तो दंड चढत राहतो. मग आकारणीचा उतारा मागा आणि मोजमाप तपासा. दुप्पट होण्यामागे पुष्कळदा मोजमापाचीच चूक असते : पडवी खोली म्हणून धरलेली, गोठा पक्क्या बांधकामात घातलेला, शेजारच्याचा मजला आपल्या नावावर. फीत लावून स्वतः मोजा आणि पुढच्या खेपेला आकडे घेऊनच जा. तिसरं, मालमत्तेच्या नोंदीला तुमचा मुंबईचा पत्ता आणि मोबाइल नंबर लावण्याचा लेखी अर्ज. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना कराचा कागद वाचायची सवयच राहिली नाही. गावी ती माफी नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाच्या खोडावर नोटीस चिकटवलेली दिसली. पावसाने अर्धी फाटली आहे. झाड पाडणार का? – एक वाचक, दादर

उत्तर : आज संध्याकाळी नाही, आत्ता खाली उतरा आणि तिचा फोटो काढा. 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात आणि मुदत मोजून सात दिवसांची असते. तारीख वाचता येते का बघा, खोडावर रंगवलेला क्रमांक टिपा, आणि "छाटणी" लिहिलंय की "तोडणी", ते नीट वाचा. छाटणीच्या नोटिशीवर लोक उगाच घाबरतात आणि तोडणीच्या नोटिशीजवळून रोज चालत जातात. हरकत वॉर्डातल्या उद्यान खात्यात लेखी द्या, पोच घ्या. झाड 50 वर्षांहून जुनं असेल तर 2021 च्या दुरुस्तीने ते प्राचीन वृक्ष ठरतं. गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून झाड कधीपासून आहे ते लिहून घ्या आणि हरकतीला जोडा.

प्रश्न : ताई, माझी वहिनी गावच्या नगरपंचायतीवर निवडून आली आहे. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला म्हणून दादाने तिला उभं केलं. बारावी झाली आहे, हुशार आहे, पण सभेत बोलायला घाबरते. दादाच सगळ्यांशी बोलतो, कागद तोच वाचतो, ती सही करते. मला हे बघवत नाही, पण दादाला दुखवायचंही नाही. तिला कुठून सुरुवात करायला सांगू? – एक वाचक भगिनी, भांडुप

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या त्या 2011 साली. त्याआधी एक तृतीयांश होत्या. त्या एक तृतीयांशातून आलेल्या पहिल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. पहिलं वर्ष त्या गप्प बसायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या काही जणी माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात विचारायच्या, "हे 'यथास्थित' म्हणजे काय हो?" तिसऱ्या वर्षी त्याच बायका इंजिनिअरला थांबवून मोजमाप पुस्तक मागायच्या. तुमच्या वहिनींचं पहिलं वर्ष चालू आहे, इतकंच.

दादाला बाजूला करू नका. त्याला बाहेरची कामं करू द्या, त्याला ती आवडतातच. पण सभागृहात बसायचा अधिकार वहिनींचा आहे आणि सहीही त्यांचीच. गडबड निघाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. दादाला हे तुम्हीच सांगा, बहीण म्हणून, प्रेमाने : "उद्या चौकशी आली तर वहिनीला उभं राहावं लागेल, तुला नाही. मग तिला वाचू दे."

सभेची विषयपत्रिका आधी घरी येते. ती वहिनींच्याच हातात पडावी. पहिला विषय जवळपास नेहमीच "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" असा असतो आणि सगळे त्याला मान डोलावतात. अगदी तिथेच थांबायचं असतं. मागच्या सभेत जे बोललं गेलं आणि जे लिहिलं गेलं, यांत फरक असेल तर तो दुरुस्त करायची वेळ ती एकच. एकदा इतिवृत्त कायम झालं की तोच पुरावा. बोलायची भीती वाटत असेल तर पहिल्या सभेत एवढंच वाक्य पाठ करून जावं : "अध्यक्ष महोदय, विषय क्रमांक अमुकमध्ये आकडा चुकला आहे." त्यासाठी सभेत वहीत आकडे टिपून ठेवायची सवय हवी. भाषण लागत नाही.

शेवटचा विषय तितकाच महत्त्वाचा : "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय." दोन-अडीच तास झालेले असतात, चहा येऊन गेलेला असतो, माणसं पिशव्या आवरत असतात आणि तेवढ्यात एक कागद फिरतो. सगळेच आयत्या वेळचे विषय वाईट नसतात, पंप जळला तर पुढच्या सभेपर्यंत थांबता येत नाही. पण ज्या विषयाची टिपणी जोडलेली नाही आणि ज्यात खर्च आहे, त्यावर वहिनींनी सही करण्याआधी म्हणावं, "टिपणी पाहिल्याशिवाय मला मत देता येणार नाही, तशी नोंद घ्यावी." "विरोध" हा शब्द जड वाटत असेल तर "नोंद घ्यावी" हे दोन शब्द पुरतात. ते इतिवृत्तात उतरले की त्यांचं काम झालं.

आणि त्यांना एक विषय स्वतःचा असू द्या. सगळ्या गावाचं ओझं पहिल्या वर्षी कशाला? त्यांच्या प्रभागात पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, हे त्यांनी पंधरा दिवस रोज वहीत लिहावं. किंवा कचऱ्याची गाडी. "छोट्या गावाला काय जमणार" असं कुणी म्हणालं तर वेंगुर्ल्याचं उदाहरण द्या. तिथल्या नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगवेगळा करून घ्यायला लावला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, आणि जिथे नाक दाबून जावं लागायचं तो डेपो लोक मुद्दाम बघायला जातात अशी जागा केली. तेही कोकणातलंच छोटं गाव. त्यातही कुठेतरी आधी टिपणी झाली असणार, ठराव झाला असणार, आणि घरात दोन डबे ठेवायला बायकांनी सुरुवात केली असणार.

तुम्ही भांडुपहून एवढं करा. सभेच्या आदल्या रात्री वहिनींना फोन लावा आणि विषयपत्रिका त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. जिथे त्या अडखळतील तो शब्द लिहून घ्या आणि ती यादी मला पाठवा. बहुधा पहिल्या यादीत "प्रशासकीय मान्यता" आणि "तांत्रिक मान्यता" हे दोन शब्द असतील. त्यांतला फरक पुढच्या अंकात एका गटाराच्या कामाचं उदाहरण घेऊन सांगते. तोवर वहिनींना म्हणावं, या दोन्हींच्या तारखा कागदावर शोधा आणि कुठली आधीची आहे ते बघून ठेवा.